घरची तालीम

व्यायामाला आपण कसरत म्हणतो, पण हा शब्द अरबी आहे हे आता कुणाच्या ध्यानीमनीही नसतं. 'कस्रत' म्हणजे पुष्कळपणा, बहुलता. एकच हालचाल पुष्कळदा करायची, त्यातून व्यायाम हा अर्थ रुळला. तालीमही अरबीच, तिचा अर्थ शिक्षण. मराठीनं तिला थेट आखाड्यात नेऊन बसवलं आणि नाटकवाल्यांनी तिथून उचलून रंगमंचावर नेलं. तालमीतला वस्ताद हा फारसीतला उस्ताद. कविता लिहिणाऱ्या माणसाला अशा गोष्टींत रस असतो, म्हणून हे आधीच सांगून टाकलं. दुकानात आज जे यंत्र 'मल्टिजिम' म्हणून मिळतं, त्यातलं 'मल्टी' आपल्या कसरतीच्या पोटात आधीपासूनच आहे. मला बोलायचं आहे ते या यंत्राविषयी. ते घ्यावं का, घ्यायचं तर कसं पारखावं, आणि खोक्यांतून सुटं सुटं घरी आलेलं यंत्र उभं कसं करावं.

यंत्रांचा माझा अभ्यास पुस्तकी नाही. माझ्या भाच्यानं एक मल्टिजिम घेतली, ती आम्ही दोघांनी जोडली. पुढे मोहल्ल्यात ज्याच्या घरी असं खोकं येई तो आम्हांला बोलावू लागला. अशी पाच-सहा यंत्रं या हातांखालून गेली आहेत.

जाहिरातीत या यंत्रावर पीळदार दंडाचा तरुण बसलेला असतो. त्याला खरं तर यंत्राची गरज कमी. गरज आहे ती पन्नाशी ओलांडलेल्यांना. मशिदीत सफांच्या कडेला मांडलेल्या खुर्च्या वाढत चालल्या आहेत, हे मी गेली काही वर्षं पाहतो आहे. पाच वेळच्या फर्ज नमाजात मिळून सतरा रकाती होतात. प्रत्येक रकातीत दोन सजदे, आणि त्यानंतर लगेच किंवा थोडं बसून जमिनीवरून उठायचं. म्हणजे दिवसाकाठी सतरा वेळा माणूस जमिनीवरून उभा राहतो. ज्याला ते जमेनासं होतं त्यानं खुर्ची घ्यावी, धर्माची त्याला मुभा आहे. पण प्रश्न एकट्या नमाजीचा नाही. पंगतीत मांडी घालून बसणाऱ्याचा, शेतात खुरपणी करणाऱ्या बाईचा, देवापुढे बसून पोथी वाचणाऱ्या आजोबांचा प्रश्न हाच आहे. गुडघा दुखतो असं सगळे म्हणतात. पुष्कळदा गुडघ्याइतकाच दोष गुडघ्याच्या वरच्या मांडीचा असतो. तिच्यातली ताकद गेलेली असते.

तिशीनंतर माणसाचे स्नायू दर दहा वर्षांनी साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. आपल्याकडे तर सुरुवातच कमी भांडवलावर होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा दोघे शेजारी उभे असलेला एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, सारखाच होता: २२.३. दोघेही दिसायला सडपातळ. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी होती ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. हडकुळा दिसणारा भारतीय माणूस आतून कसा असतो, हे त्या एका चित्रानं जगाला सांगितलं. जेवणानंतर रक्तात येणारी साखर उचलून घेण्याचं मोठं काम स्नायू करतात. ज्याचे स्नायू कमी, त्याच्या साखरेला जायला जागा कमी. मधुमेहाच्या गावात राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

सकाळी चालायला जाणं उत्तमच, पण चालण्यानं हे काम पुरतं होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली दिलेल्या सूचनांत आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांच्या मध्यम व्यायामाबरोबर आठवड्यातून किमान दोन दिवस सगळ्या प्रमुख स्नायूंना ताकदीचा व्यायाम सांगितला आहे. तोही मोठ्या माणसांना सरसकट, वयाची सूट न देता. आणि उशीर झाला म्हणून हात झटकणाऱ्यांसाठी बॉस्टनचा एक प्रयोग सांगतो. मारिया फियाटारोन या डॉक्टरीणबाईंनी १९९० साली तो प्रसिद्ध केला. संस्थेत राहणाऱ्या, नव्वदीच्या घरातल्या दहा दुबळ्या वृद्धांना त्यांनी आठ आठवडे मांड्यांनी वजन उचलायला लावलं. एक मधेच थांबला. उरलेल्या नऊ जणांची ताकद सरासरीनं १७४ टक्क्यांनी वाढली. मूळची ताकद फारच थोडी होती हे खरं, पण नव्वदाव्या वर्षीही स्नायू ऐकतो, हे सिद्ध झालं.

आता यंत्राकडे वळू. वजन आणि तरफा वापरून व्यायाम देणारी यंत्रं नवी नाहीत. स्वीडनच्या गुस्ताव झांडर या डॉक्टरनं १८६५ साली स्टॉकहोममध्ये अशा यंत्रांची संस्था काढली होती. एका सांगाड्याला अनेक व्यायाम जोडण्याची कल्पना अमेरिकेत १९५७ साली हॅरॉल्ड झिंकिन यानं बाजारात आणली, आणि आजची घरगुती मल्टिजिम त्याच घराण्यातली. आपल्याकडे याचं काम एक मुद्गलजोडी करायची. इंग्रज सैनिकांनी ती इथूनच उचलली आणि १९०४ व १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये मुद्गल फिरवण्याची स्पर्धासुद्धा झाली. ज्यांना यात रस असेल त्यांनी बडोद्याच्या मुजुमदारांनी संपादित केलेला दहा खंडांचा मराठी 'व्यायाम ज्ञानकोश' एखाद्या जुन्या ग्रंथालयात शोधावा.

घरगुती यंत्रात लोखंडी चौकट असते, दोन उभ्या गजांत ओवलेल्या वजनाच्या पट्ट्या असतात, त्यांना वर उचलणारी पोलादी केबल असते आणि ती केबल वळवणाऱ्या कप्प्या असतात. पट्ट्यांच्या मधल्या भोकात पिन खुपसली की तिच्या वरच्या पट्ट्या उचलल्या जातात, खालच्या जागीच राहतात. छाती ढकलण्याचा दांडा, वरून खाली ओढायचा दांडा, खालून ओढायची मूठ आणि पायांनी उचलायचा फोमचा रूळ, एवढं असलं की झालं. जाहिरातीत 'पन्नास व्यायाम' लिहिलेलं असतं, त्याला भुलू नका. त्यांतले बहुतेक एकाच व्यायामात मूठ थोडी उलटसुलट धरून केलेले असतात. शरीराला हवं ते मोजकंच: ढकलणं, ओढणं, बसून उठणं आणि कमरेतून वाकून उचलणं. पहिल्या दोहोंना हे यंत्र फार चांगलं आहे. बसून उठण्याला मात्र ते अपुरं पडतं. फोमच्या रुळानं मांडीचा पुढचा स्नायू बळकट होतो, पण खरं उठणं पायांवर उभं राहूनच शिकता येतं. तिथे आपली बैठकच कामाची. आधी खुर्चीवरून हात न लावता उठा-बसा, मग खुर्चीची उंची कमी करत जा.

पट्टीवर लिहिलेल्या आकड्याचं कोडं इथेच उलगडू. नभोवाणीवर आकृती काढता येत नाही, तेव्हा विहीर डोळ्यांपुढे आणा. विहिरीवरची कप्पी जागच्या जागी फिरते. तिच्यामुळे आपण वर ओढण्याऐवजी खाली ओढतो, बादलीचं वजन तेवढंच राहतं. ही स्थिर कप्पी. आता दोराचं एक टोक वर तुळईला बांधलं, बादली कप्पीलाच अडकवली आणि ती कप्पी दोराच्या झोळीत ठेवली, तर बादलीचा अर्धा भार तुळई घेते आणि अर्धा आपण. बदल्यात दोर दुप्पट ओढावा लागतो. ही चल कप्पी. शाळेत हे सगळ्यांनी लिहिलेलं आहे. काही यंत्रांत वजन अशा चल कप्पीला टांगलेलं असतं, म्हणून पन्नास किलोला पिन लावली तरी हाताला पंचवीसच लागतात. छातीच्या दांड्याला तरफेचा हिशेब निराळा. तेव्हा शेजाऱ्याच्या यंत्रावरच्या आकड्याशी आपला आकडा ताडून पाहण्यात अर्थ नसतो. आपला मागच्या महिन्याचा आकडा तेवढा खरा. विकत घेताना मात्र हे विचारा, कारण चल कप्पीच्या यंत्रात सत्तर किलोच्या पट्ट्या हाताला पस्तीसच भरतात.

माझ्या मते याहून महत्त्वाचा प्रश्न उलट बाजूचा आहे, आणि तो दुकानात कुणीच विचारत नाही. कमीत कमी वजन किती? भाच्याच्या घरी यंत्र आलं तेव्हा त्याची आई, म्हणजे माझी थोरली बहीण, म्हणाली, "हे पैलवानकीचं लोखंड माझ्या घरात कशाला?" मी म्हणालो, "आपा, हे तुमच्यासाठीच आहे असं समजा." त्या हसल्या. भाचा पंधरा दिवसांत कंटाळला, दांड्यावर टॉवेल वाळू लागले, आणि मग एके दिवशी आपा सीटवर बसल्या. पहिलीच पट्टी पाच किलोची, त्यात दांड्याचं स्वतःचं वजन. छातीचा दांडा त्यांच्यानं हलेना. वरचा दांडा, जिथे चल कप्पी होती, तो मात्र सहज खाली आला. तिथून सुरुवात झाली. सोबत खुर्चीवरून उठण्याच्या दहा-दहाच्या तीन फेऱ्या. आज त्या जानमाजवरून उठताना पलंगाची कड धरत नाहीत. आमच्याकडे आणि इतरांकडेही अशा पुष्कळ बायका आहेत, ज्या पुरुषांच्या व्यायामशाळेत पाऊल ठेवणार नाहीत. पाळी गेल्यावर हाडं वेगानं ठिसूळ होतात, आणि वजन उचलणं हाडांनाही मानवतं. म्हणून यंत्र घेताना घरातल्या सगळ्यांत बुटक्या आणि सगळ्यांत अशक्त बाईला बरोबर न्या. सीटवर बसून तिचे पाय जमिनीला टेकतात का, मुठी छातीच्या उंचीला येतात का, पहिली पट्टी तिला उचलते का, ते पाहा. पट्ट्यांमधली वाढ पाच-पाच किलोची असेल तर अर्ध्या वजनाची जोडपट्टी मिळते का, विचारा. मुलगा कसंही जमवून घेतो.

बाकीची पारख सोपी. चौकटीचा चौकोनी पाइप ५० मिलिमीटरचा आणि पत्रा किमान दोन मिलिमीटर जाडीचा असावा. सीटवर बसून दांडा ओढला की चौकट डुलता कामा नये. केबलवर प्लॅस्टिकचं अखंड आवरण हवं, आणि कप्पी बेअरिंगची हवी. बोटानं फिरवून सोडली की ती थोडा वेळ फिरत राहते. केबल सुटी मिळते का, हे पावती करण्याआधी विचारावं.

जागा मोजताना लोक यंत्र मोजतात, माणूस मोजत नाहीत. चार फूट गुणिले साडेपाच फूट यंत्राला लागत असेल तर बाजूंनी आणखी दोन-दोन फूट धरा, कारण हात पसरायचे असतात आणि पाय उचलायचे असतात. उंची सात फुटांपर्यंत जाते, तेव्हा माळा आणि बीम पाहून ठेवा. पंख्याखाली तर हे कधीच लावू नका. स्लॅबची भीती मात्र फुकाची आहे. घराच्या खोलीला भारतीय मानकाप्रमाणे दर चौरस मीटरला साधारण २०० किलो वापराचा भार धरलेला असतो. दीडशे किलोचं यंत्र आणि पाऊणशे किलोचा माणूस दोन चौरस मीटरवर पसरला तर चौरस मीटरला सव्वाशेही भरत नाहीत. जुन्या वाड्याच्या लाकडी माडीवर किंवा गॅलरीत मात्र नको. गॅलरीत पाऊस येतो, आणि आपल्या पावसाळ्यात लोखंडाचं काय होतं ते सायकलवाल्याला विचारा. पायांखाली रबरी चटई घातली की फरशीही वाचते आणि खालच्या मजल्यावरचे लोकही.

एवढी जागा नसेल तर? मग सुट्या पट्ट्यांचे दोन डंबेल, एक मजबूत बाक आणि रबरी पट्टे. नव्वद टक्के काम होतं, असं मी बेधडक सांगतो. रबरी पट्ट्याचा स्वभाव एवढाच लक्षात घ्या की तो ताणत जाल तसा जड होत जातो, आणि उन्हात ठेवला की चिरतो. चिरलेला पट्टा तोंडावर बसतो.

आता जोडणी. पहिली गोष्ट, एकट्यानं करू नका. दुसरी, यादी घेऊन प्रत्येक भाग आणि प्रत्येक नटबोल्ट मोजा. एका घरी आलेल्या खोक्यात चार बोल्ट कमी होते. दुकानदार म्हणाला, "दुसरे कुठलेही लावा." असं करू नये. सांध्याचा बोल्ट त्याच जाडीचा, त्याच लांबीचा आणि त्याच प्रतीच्या पोलादाचा लागतो. आम्ही ते मागवून घेतले आणि चार दिवस थांबलो. खोक्यात पातळ पत्र्याचा पाना मिळतो, तो बाजूला ठेवा. दहा मिलिमीटरच्या बोल्टला साधारण सतराचा पाना लागतो, आणि तसे दोन लागतात: एक बोल्टचं डोकं धरायला, दुसरा नट फिरवायला.

खालची चौकट आधी, मग उभे खांब, मग वजनाचे गज. सगळे नट हातानंच बसवा, पान्यानं आवळू नका. सगळी चौकट उभी राहिली की पाणसळ लावून पाहा, आणि मगच एकेक करून आवळा. आधी आवळलेल्या चौकटीत शेवटचं भोक कधीच जुळत नाही. लोक मग हातोडा घेतात. नटाच्या आत नायलॉनचं कडं असतं, त्यामुळे तो हादऱ्यानं सैल होत नाही. तो हातानं शेवटपर्यंत फिरणार नाही, त्यात काही बिघडलेलं नाही. जिथे दांडा हलतो त्या सांध्याचा बोल्ट मात्र पुरता आवळायचा नाही. दांडा लडबडू नये आणि अडूही नये, इतकाच.

पट्ट्या एकेक करून गजांत सोडा, बोटं खाली ठेवू नका. पिनेची खाच असलेली बाजू सगळ्यांची एकसारखी आहे ना, हे प्रत्येक पट्टीला पाहा. पंधरा पट्ट्या ओवल्यावर तिसरी उलटी निघाली की सगळ्या काढाव्या लागतात. केबल सगळ्यांत शेवटी. ती कुठल्या कप्पीच्या कुठल्या बाजूनं जाते हे आकृतीत बोट ठेवून पाहत जा. ताण नेमका आला हे कसं ओळखावं? वरची पट्टी खालच्या पट्टीवर टेकलेली हवी आणि पिन सहज आत जायला हवी. पिन अडकली तर केबल फार ताठ आहे. दांडा चार बोटं ओढेपर्यंत वजन हललंच नाही तर ती सैल आहे. हा ताण केबलच्या टोकाच्या आट्यांवर कमी-जास्त करता येतो. ते टोक पुरेसं आत गेलेलं असावं आणि त्यावरचा अडकनट आवळलेला असावा. यंत्रातला सगळ्यांत धोक्याचा सांधा हाच. तो निसटला तर वजन खाली आणि दांडा डोक्यावर.

मग पहिले चार-पाच दिवस नुसती पहिली पट्टी लावून चालवा, आणि आठवड्यानं सगळे नट पुन्हा तपासा. गज कोरड्या फडक्यानं पुसून सिलिकॉनचा फवारा मारा. खोबरेल किंवा शिवणयंत्राचं तेल लावलं की त्यावर धूळ चिकटते. लहान मुलं असलेल्या घरात काम झालं की पिन काढून कपाटात ठेवा; कप्पीत बोट सापडायला क्षण पुरतो.

वजन किती लावायचं? दहा-बारा वेळा उचलता येईल आणि शेवटचे दोन वेळा जड जाईल, इतकं. त्याच स्नायूला पुन्हा काम देण्याआधी एक दिवस मोकळा. ढकलताना श्वास सोडा. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब उसळतो. ज्यांना हृदयाचा त्रास, हर्निया किंवा मधुमेहानं डोळ्यांच्या पडद्याची तक्रार आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये.

नवं यंत्र परवडत नसेल तर जुनं बघा. टॉवेल वाळत घातलेली यंत्रं गावोगाव आहेत, आणि त्यांचे मालक ती खोली मोकळी व्हायची वाटच पाहत असतात. गज गंजून खरबरीत झाले आहेत का, वेल्डिंगला तडा आहे का, केबलचं आवरण टोकाशी फाटलं आहे का, हे पाहा. सुटं करण्याआधी केबलच्या वाटेचे मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढा, आणि प्रत्येक सांध्याचे नटबोल्ट वेगळ्या पिशवीत घालून वर नाव लिहा. फाटलेलं रेक्झीन कुठलाही सीटकव्हरवाला बदलून देतो. केबल मात्र जुनी ठेवू नका, नवीनच घाला. नायलॉनच्या कड्याचे नटही नवे घ्या.